ड्राय बाल्कनीत धुण्याचं पाणी तुंबतं? आधी मशीन जाळीवरून हलवा

मशीनने दुसऱ्या खळबळणीचं पाणी सोडलं की दोन मिनिटांत ड्राय बाल्कनीत टाचा बुडतील एवढं तळं. मग उंबरा ओलांडून ओघळ स्वयंपाकघरात, ट्रॉल्यांच्या खाली. आणि आम्ही दोघं फडकी, सुपली, बादली घेऊन ओणवे. असं दर धुण्याला झालं असतं तर एकदाचं मुळाशी गेलो असतो. पण ते महिना-दीड महिना गप्प बसायचं आणि नेमकं पाहुणे येणार त्या रविवारी पुन्हा यायचं. तीन पावसाळे हे चाललं.

घर ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या अलीकडे, दुसरा मजला. ड्राय बाल्कनी ४ फूट रुंद, साडेसहा फूट लांब. बिल्डरच्या नकाशात तिला ‘युटिलिटी’ म्हटलंय. तिथे वॉशिंग मशीन, पुसण्याची बादली, केर भरायची सुपली, कांदे-बटाट्याची जाळीदार टोपली, मळक्या कपड्यांचा डबा आणि वर वाळत घातलेलं सगळं, एवढं राहतं. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असणार.

आम्ही काय काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. सोसायटीच्या प्लंबरने तीनदा ‘रॉड मारला’. दर वेळी महिनाभर बरं. मशीनवाल्याने पाणी फेकणारा पंप बदलला आणि तळं आणखी मोठं झालं. तेव्हा आम्ही त्याला नावं ठेवली, पण त्याचं काम चोख होतं. नवा पंप जास्त जोराने पाणी फेकत होता आणि खालचं तोंड होतं तेवढंच होतं. साबण बदलला, फिनेल ओतलं, जाळीत खायचा सोडा-व्हिनेगर घालून फेस बघत बसलो. फेस छान येतो. बाकी काही होत नाही.

उत्तर मिळालं ते कामाला येणाऱ्या मावशींकडून. त्या पाणी निपटताना म्हणाल्या, “ताई, सगळ्यांच्या घरच्या जाळ्या मी काढून धुते. तुमची मला अजून दिसलीच नाही.”

दिसणार कशी? मशीन तिच्यावर बसलं होतं.

आमच्या बाल्कनीत आत शिरल्यावर समोर कठडा आणि ग्रिल. डाव्या हाताच्या लांबच्या कोपऱ्यात नळ आणि त्याच्या बरोब्बर खाली नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळी आणि तिच्याखालचा थोडं पाणी धरून ठेवणारा वळणाचा भाग. मशीन आलं त्या दिवशी बसवणाऱ्याने नळ तिथे, जाळी तिथे म्हणून मशीनही तिथेच ढकललं आणि आम्हालाही ते शहाणपणाचं वाटलं. फ्रंट लोड मशीन ६०-७० किलोचं असतं. ते ओढून जाळी साफ करायची म्हणजे दोन माणसं आणि एक सुट्टी. म्हणून तीन वर्षांत ती उघडली फक्त प्लंबरने, तीही तुंबल्यावर.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

मशीन बंद ठेवा. जमत असेल तर बाजूला घ्या. १५-२० लिटरची भरलेली बादली जाळीवर एका दमात ओता. पाणी गुडगुड करत गेलं तर ट्रॅप ठीक आहे. वर आलं आणि हळूहळू उतरलं, तर जाळी काढा. बहुतेक जाळ्यांच्या खाली झुरळं येऊ नयेत म्हणून एक वाटीसारखा भाग असतो, तोही काढा. आता पुन्हा तेवढीच बादली ओता. या वेळी पाणी गेलं तर अडथळा जाळी-वाटीतच होता. तरीही वर आलं तर ट्रॅपमध्ये किंवा पुढच्या पाइपात गाळ आहे आणि तिथे प्लंबरला पर्याय नाही.

मशीन नुसतं पाणी सोडतं त्या वेळी पाइपाचं टोक बादलीत धरून घड्याळ लावा. आमच्या मशीनने १५ लिटरची बादली पाऊण-एक मिनिटात भरली. एवढं पाणी त्या वाटीच्या भोवतालच्या बोटभर फटीतून जायचं आणि निम्मी फट कपड्यांतून सुटलेल्या तंतूंनी भरलेली. रॉड मारल्यावर महिनाभर बरं का वाटायचं तेही यातच आलं. प्लंबर रॉड घालताना वाटी काढायचा, ती धुतली जायची आणि पुन्हा भरायला महिना लागायचा.

दुसरी एक खूण फार महत्त्वाची आहे. तुमचं मशीन बंद असताना जाळीतून फेस किंवा पाणी वर येत असेल तर दोष तुमच्या घरात नाही. वरच्या सगळ्या मजल्यांचं धुण्याचं पाणी एकाच उभ्या पाइपातून खाली येतं. तो पाइप खाली पोडियमपाशी, म्हणजे पार्किंगच्या छतापाशी, वळतो तिथे फेस दाटतो आणि खालच्या एक-दोन मजल्यांच्या जाळ्यांतून डोकं काढतो. अशा वेळी स्वतःच्या बाल्कनीवर खर्च करू नका. तारीख-वेळ घालून दोन-तीन फोटो काढा आणि सोसायटीच्या ऑफिसात लेखी द्या, कारण उभा पाइप सामाईक असतो. दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे आम्हालाही आधी तोच संशय होता, पण आमच्याकडे मशीन बंद असताना कधी थेंबही आला नाही.

आणि मशीन पाणी भरत असतानाच जाळीत बारीक धार ऐकू येत असेल, कपडे कधी भिजल्यासारखे वाटत नसतील, धुणं दोन-दोन तास चालत असेल, तर सोडपाण्याचा पाइप फार खाली आहे. पंपाच्या मशीनचा पाइप साधारण दोन ते सव्वातीन फूट उंचीपर्यंत वर जाऊन मग खाली यायला हवा. नेमका आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत असतो. तो थेट जमिनीवर सोडला की आत आलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं. जाळीच्या आत खोल खुपसून भोवती चिंधी गुंडाळली तरी हेच होतं, कारण हवा जायला जागा राहत नाही. आमचा पाइप खुपसलेलाही होता आणि चिंधीही होती. (चिंधी माझी. झुरळांसाठी.)

टॉप लोडवाल्यांनी मात्र हे जसंच्या तसं करू नये. आपल्याकडच्या अनेक टॉप लोड मशीनमध्ये पंप नसतो, पाणी उताराने जातं. त्यांचा पाइप वर उचलला तर पाणी निघणारच नाही.

जाळी उघडली तेव्हा

नवऱ्याने आणि त्याच्या भावाने मशीन ओढलं. मी मेन स्विच बंद केला, नळ बंद केला, हातमोजे घातले. जाळीचे स्क्रू गंजलेले. वाटी बाहेर काढली तेव्हा तिच्याभोवती करड्या रंगाची नमद्यासारखी जाड पट्टी होती, बोटाने सोलून निघाली. तंतू, केस, आणि त्यात मुरलेली बारीक माती. मेट्रो ४ च्या कामाची धूळ आमच्याकडे वर्षानुवर्षं खिडकीतून येते, ती आम्ही रोज पुसतो आणि पुसलेलं पाणी याच जाळीत ओततो. ती माती तंतूंना सिमेंटसारखी धरते. त्याखाली एक शर्टाचं बटण, शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा, कपडे वाळवायच्या चिमट्याची स्प्रिंग, आणि एक रुपया. गटाराच्या वासाचा उगमही तोच. आम्ही त्यासाठी दोन वर्षं कापराच्या वड्या टांगत होतो.

मग जागा नव्याने आखली

ट्रॅप हलवता येत नाही. हलवायचा तर फरशी फोडा, वॉटरप्रूफिंग करा, खालच्यांच्या छताची जबाबदारी घ्या. नळ मात्र हलतो, सॉकेट हलतो, मशीन हलतं, कपाट तर हलतंच. म्हणून आखणी जाळीपासून सुरू केली. खडूने जाळीभोवती जवळजवळ दोन फुटांचा चौकोन काढला आणि ठरवलं की इथे कायमचं काहीही बसणार नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या. नौपाड्याच्या चाळीत तीस वर्षं काढलेल्या. म्हणाल्या, “मोरीच्या तोंडावर आम्ही कळशीसुद्धा ठेवत नसू.” हे तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, “तुम्ही विचारलंत कुठे?”

मशीनचं माप जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून कापलं आणि फरशीवर फिरवून पाहिलं. हे जरूर करा, कागदावरच्या नकाशात सगळं मावतं. साधं फ्रंट लोड २४ इंच रुंद आणि ३३-३४ इंच उंच असतं. मशीनची खोली किती किलो कपड्यांचं आहे त्याप्रमाणे बदलते, आमचं २२ इंच. मागे पाइपांसाठी ४ इंच आणि बाजूंना दोन-दोन इंच तरी धरा. दार उघडून कपडे काढायला पुढे किमान २० इंच. माणूस वाकतो तेव्हा त्याचं बूड मागे जातं, ते कोणी मोजत नाही.

पहिला विचार होता मशीन उजव्या लांब भिंतीला, दाराजवळ लावायचा, म्हणजे पावसापासून दूर. कागद ठेवून पाहिलं तर मशीनसमोर जेमतेम २२ इंच उरले आणि तोच ये-जा करायचा रस्ता. शिवाय नळ आणि जाळी दोन्ही लांब, म्हणजे पाइपांना जोड. जोड म्हणजे पुढच्या वर्षीची गळती. तो बेत सोडला.

शेवटी मशीन सरकलं ते फक्त दोन फूट. डाव्या लांबच्या कोपऱ्यातून उजव्या लांबच्या कोपऱ्यात, पाठ कठड्याला, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. डावीकडे २२ इंचांची मोकळी पट्टी राहिली, त्यात जाळी, नळ आणि बादली. पुढे चार फुटांहून जास्त जागा. नळाला टू-वे अँगल कॉक लावला, एक तोंड मशीनला, एक बादलीला. मशीनबरोबर आलेला पाण्याचा पाइप मागच्या भिंतीने न जोडता पुरला.

सोडपाण्यासाठी डाव्या भिंतीला दोन इंची पीव्हीसी पाइप उभा केला, अडीच फूट उंच. मशीनचा पाइप त्यात वरून वीतभर सैल सोडला आहे, बाजूने हवा जाते. खाली हा पाइप भोक असलेल्या जाळीत उतरतो. अशी जाळी हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. वाटी काढून टाकली. झुरळांचं काय, असं वाटेल, पण ट्रॅपमध्ये कायम दोन इंच पाणी उभं राहतं, तेच वास आणि झुरळं दोन्ही अडवतं. ते पाणी सुकू दिलं नाही म्हणजे झालं. तंतू अडवायला उभ्या पाइपाच्या तोंडाशी मशीनच्या पाइपाला जुन्या पायमोज्याची जाळीदार पिशवी बांधून पाहिली. चार धुण्यांत भरली आणि पाइप अडवायला लागली. काढली. त्यापेक्षा दर रविवारी जाळी उचलून हाताने साफ करणं सोपं. आता ती समोरच आहे.

उतार आणि ओटा

फरशीचा उतार पाहायला मुलाची गोटी घ्या. मीटरला एक सेंटिमीटर उतार असला तरी गोटी जाळीकडे धावते. आमची गोटी बहुतेक ठिकाणांहून नीट गेली, पण दाराजवळच्या एका रांगेतून उलटी उंबऱ्याकडे आली. स्वयंपाकघरातल्या ओघळाचं ते कारण. एका रांगेसाठी फोडाफोड करायला मन झालं नाही, म्हणून उंबऱ्यावर ग्रॅनाइटची दीड इंची पट्टी बसवली. पहिला आठवडा सगळे अडखळले. सगळीच फरशी उलटी असेल तर मात्र पट्टीने भागणार नाही. उतार नव्याने करावा लागतो, खाली वॉटरप्रूफिंग लागतं, आणि फरशी बसवण्याआधी पाणी भरून किमान दोन दिवस ठेवून खालच्या घरी ओल येत नाही ना हे बघावं लागतं. त्यांना आधी सांगा, नंतर सांगण्याचा प्रसंग वाईट असतो.

उतारावर ठेवलेलं मशीन पिळताना नाचतं. मशीन मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतं, एक पाय जरी अधांतरी असला तरी ते चालायला लागतं. आम्ही वर्षभर मशीन चाकांच्या स्टँडवर ठेवलं होतं. उतारावर चाकं! आता विटा-सिमेंटचा ४ इंच उंच भरीव ओटा केला, वर कडप्पा, लेव्हल लावून. फरशी फोडली नाही, तिच्यावरच बांधला. पोकळ ओटा करू नका, ढोलासारखा वाजतो आणि आत काय काय राहायला येतं. पाय फिरवून चारही टेकले की वरचा लॉक नट घट्ट करायला विसरू नका, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा नाच. नवं मशीन असेल तर वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट काढलेत का तेही बघा. ते तसेच राहिले तर कितीही समपातळी केली तरी घर हलतं.

पावसात ट्रिप होणं

जुलैत झड आली की आमचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारं बटण, पडायचं, सगळं घर काळोखात. बाल्कनी येऊरच्या डोंगराच्या बाजूची, म्हणजे पश्चिमेची, पाऊस थेट आत. मशीनचा प्लग काढला तरी ते पडत राहिलं. म्हणजे मशीन सुटलं, उरला सॉकेट, जो ग्रिलच्या अगदी खाली होता. इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून डबा उघडला तर आत पाणी साचलेलं. आरसीसीबी कटकट करतं म्हणून काढून थेट जोडणारे लोक मी पाहिलेत. ते ३० मिलिअँपिअर गळतीला पडतं म्हणून ओल्या फरशीवर उभं असलेलं माणूस वाचतं. त्याला हात लावू नका.

सॉकेट आता उजव्या भिंतीवर, ग्रिलपासून अडीच फूट आत, साडेचार फूट उंचीवर, झाकणाचा. १६ अँपिअरचा आणि त्याची स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जादा भार आला की पडणारं बटण. पाणी तापवणारं मशीन २,००० वॉटच्या आसपास खातं, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. ६ अँपिअरच्या पॉइंटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर ते चालवायचं नाही. मशीन स्वतः मात्र कठड्याच्या आडोशाला आलं. कठडा ४२ इंच, मशीन ओट्यासकट ३८. ग्रिलला वरून पॉलिकार्बोनेटची तिरकी झडप लावली, तरी मोठ्या झडीत मशीनवर शिंतोडे येतातच, म्हणून वर रेक्झिनचं आवरण. टॉप लोड असतं तर झाकण उघडायला कठड्याच्या वर आणखी फूटभर लागलं असतं आणि हा कोपरा जमला नसता.

काही जण पूर्ण बाल्कनी काचेने बंद करतात. परवानगीचा प्रश्न वेगळा, पण पावसाळ्यात बंद बाल्कनीत ओले कपडे म्हणजे चार दिवसांत बुरशीचा वास. आणि तुमच्या बाल्कनीत पाइप गॅसचा मीटर असेल तर त्याभोवती कपाट करून तो कोंडू नका. हवा हवी आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला हवा.

कपाटाबद्दल फार लिहीत नाही. जुनं प्लायचं होतं, खालून फुगून पोहे झालं. आता उजव्या भिंतीला दाराजवळ फूटभर खोलीचं पीव्हीसी बोर्डाचं, जमिनीपासून ८ इंच वर टांगलेलं. खालून पाणी वाहून जातं, पोछा फिरतो. वर छताला पुलीच्या दांड्या, मशीनच्या वर नाही तर मोकळ्या जागेवर, म्हणजे ठिबकणारं पाणी थेट फरशीवर पडतं.

साबण निम्मा केला. फ्रंट लोडचाच, कमी फेसाचा. आधी आम्ही टॉप लोडची पावडर उरली म्हणून तीच वापरत होतो.

यंदाच्या मे महिन्यात तीन आठवडे गावाला गेलो होतो. निघताना मशीनचा कॉक बंद केला, जाळीत दोन तांबे पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल ओतलं. तेलाचा तवंग असला की ट्रॅपमधलं पाणी लवकर सुकत नाही. परत आलो तेव्हा दार उघडल्यावर पहिल्यांदाच नाकाला पदर लावावा लागला नाही. मावशींनी दुसऱ्या दिवशी जाळी उचलली, आत पाहिलं, आणि बादली नेमकी तिच्यावरच ठेवून पुसायला गेल्या. खडूची रेघ पुसली गेली होती. आता तिथे लाल ऑइलपेंटने चौकोन काढलाय.